आपत्ती, राज्यव्यवस्था आणि आपण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, ज्येष्ठांचा सत्कार होतो, वर्षभराच्या कार्याचा अहवाल वाचला जातो. अशा आनंदाच्या मेळाव्यात भूकंप, महापूर आणि दरडी ह्यांचा विषय काढणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. परंतु संकटाचा विचार संकटाच्या दिवशी करता येत नाही. तो असाच, मन स्वस्थ असताना आणि सर्व कुटुंबे एकत्र जमली असता करावा लागतो. आपल्या जमाखर्चात ‘आपद्ग्रस्तांस साहाय्य’ अशी एक बाब असते. ती रक्कम आपण केव्हा, कशासाठी आणि कोणासाठी खर्च करावी, हा प्रश्न मी अखेरीस आपणांपुढे ठेवणार आहे. त्याआधी एवढे विशाल राष्ट्र ह्या बाबतीत आपली घडी कशी बसविते, हे आपण पाहू.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. निर्जन माळावर भूकंप झाला तर ती निसर्गातील एक घटना होय. त्याच माळावर जड छपराखाली शेकडो माणसे झोपलेली असतील तर तिचीच आपत्ती होते. म्हणजे आपत्ती उद्भवण्यास तीन गोष्टी लागतात : निसर्गाचा कोप, त्याच्या वाटेत असलेली वस्ती, आणि त्या वस्तीचा दुबळेपणा. पहिलीवर आपली सत्ता नाही. दुसरी आणि तिसरी मात्र पुष्कळ अंशी आपल्या हातात आहेत. आज ज्याला ‘जोखीम न्यूनीकरण’ असे काहीसे बोजड नाव पडले आहे, ते ह्या दोहोंविषयीचेच शास्त्र होय. आपल्या राज्यव्यवस्थेला हा भेद उमगण्यास मात्र फार काळ लागला.

इंग्रजी अमदानीत १८७६ ते १८७८ ह्या वर्षांच्या दुष्काळाने दक्षिणेत हाहाकार उडविला. त्यानंतर १८८० च्या आयोगाच्या शिफारशींवरून १८८३ मध्ये दुष्काळ संहिता तयार झाली. टंचाईची लक्षणे कोणती, कामे केव्हा काढावयाची, मजुरी कशी द्यावयाची, हे तीत नमूद होते. जिल्ह्याच्या संकटाचा भार कलेक्टरच्या शिरावर असतो, हा आपला प्रघात तेव्हा पक्का झाला. कर्तव्य आधी लिहून ठेवणे हा त्या संहितेचा मोठा गुण. परंतु टंचाई दिसू लागल्यावरच तिची पाने उघडावयाची, ही तिची मर्यादा. ती मर्यादा ओलांडण्याचे श्रेय महाराष्ट्राला थोडेफार देता येईल. वि. स. पागे ह्यांनी पुरस्कारिलेली रोजगार हमीची योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तार पावली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. हाताला काम मिळणे हा हक्क ठरला, आणि पाऊस हुकला तरी चूल अगदीच विझू नये अशी तजवीज आधीपासून असू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

दुष्काळ पावले मोजीत येतो. पूर आणि भूकंप तसे येत नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यात भूकंप झाला. तो मुलूख तोवर भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त समजला जात होता. देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा दुरुस्त झाला तो त्यानंतर, १९७० मध्ये. ह्या दोन्ही प्रसंगी मदत झाली, पुनर्वसन झाले. परंतु संपूर्ण देशासाठी एक स्थायी व्यवस्था असावी, असा कायदा काही झाला नाही. जपानचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. १९५९ च्या सप्टेंबरात इसे उपसागरावर आलेल्या तुफानात तेथे पाच हजारांवर माणसे दगावली. दोनच वर्षांनी, म्हणजे आपल्याकडे पानशेत फुटले त्याच १९६१ साली, जपानने आपत्तिप्रतिबंधाचा मूलभूत कायदा संमत केला. आपला कायदा २००५ मध्ये झाला. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत आपण काय काय गमावले, ह्याचा हिशेब आता मांडतो.

त्या हिशेबातील सर्वांत दुःखद पान आपल्याच मराठवाड्याचे आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणरायाचे विसर्जन करून गावे झोपी गेली होती. पहाटे चारला काही मिनिटे कमी असता लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांत, किल्लारी परिसरात, भूमी हादरली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपशास्त्राच्या मापाने तो धक्का अतिप्रचंड नव्हता. त्याची प्रत ६.२ च्या आसपास होती. मग एवढा संहार का झाला? उत्तर घरांच्या बांधणीत होते. ओबडधोबड दगड मातीत बसवून केलेल्या दोन-दोन फूट व त्याहूनही रुंद भिंती, आणि वर मातीचे जाड थर चढविलेले माळवद. उन्हाळ्यात ही घरे थंड राहात. पण भिंतीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकमेकींस बांधणारे लांब दगड तीत नव्हते. धक्क्यासरशी भिंती दुभंगल्या आणि माळवद निजलेल्या माणसांवर आले. आदल्या वर्षी त्या भागात लहान धक्के जाणवले होते. परंतु नकाशात तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. कोयनेच्या वेळी जे घडले होते तेच येथे पुन्हा घडले : नकाशा भूकंपाच्या मागून सुधारला गेला.

परंतु किल्लारीने देशाला पुष्कळ शिकविलेही. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला. पन्नासांहून अधिक गावे नव्या जागी वसली; इतर शेकडो गावांत घरे होती तेथेच दुरुस्त व बळकट करण्यात आली. ह्या दुसऱ्या कामात घरमालकांनी स्वतः देखरेख करावी आणि गावातील महिला मंडळांच्या स्त्रियांनी शासन व कुटुंबे ह्यांच्यामधील दुवा व्हावे, अशी योजना होती. ज्या स्त्रिया तोवर चारचौघांत बोलावयास संकोचत, त्या सिमेंटच्या मिश्रणाचे प्रमाण अभियंत्यांना विचारू लागल्या. पुढे गुजरातेत भूकंप झाला तेव्हा ह्या परिसरातील स्त्रिया आपला अनुभव सांगण्यासाठी कच्छच्या भगिनींकडे गेल्या. आपद्ग्रस्ताला केवळ घेणारा न समजता करणारा समजावे, हा धडा देशाने मराठवाड्यातील बायाबापड्यांकडून घेतला, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्यानंतर आघातांमागून आघात आले. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले आणि सुमारे दहा हजार जीव गेले. २६ जानेवारी २००१ रोजी, ध्वजवंदनाच्या सकाळी, कच्छचा भूकंप झाला. तेथेही मृतांची संख्या दहा हजारांच्या कितीतरी पुढे गेली. ओडिशाने वादळानंतर दोन महिन्यांतच स्वतंत्र प्राधिकरण स्थापिले; गुजरातने २००३ मध्ये स्वतःचा कायदा केला. केंद्रात हा विषय शेती खात्याकडे होता, कारण दुष्काळ हेच आपले मुख्य संकट मानले जाई. तो २००२ मध्ये गृहखात्याकडे आला. मग २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली. पुढच्याच वर्षी, २६ जुलै २००५ रोजी, मुंबईच्या सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या वर्षाच्या डिसेंबरात संसदेने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम संमत केला.

ह्या अधिनियमाची रचना समजण्यास सोपी आहे. तिला तीन मजले आहेत. वरच्या मजल्यावर राष्ट्रीय प्राधिकरण. पंतप्रधान त्याचे अध्यक्ष. मधल्या मजल्यावर राज्य प्राधिकरण, मुख्यमंत्री अध्यक्ष. आणि जमिनीलगत जिल्हा प्राधिकरण. जिल्हाधिकारी अध्यक्ष, आणि लोकनियुक्त जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. वरचा मजला धोरण आखतो, मधला योजना करतो. प्रत्यक्ष लढाई जिल्ह्यात होते. प्रत्येक जिल्ह्याचा लेखी आराखडा असावा, प्रत्येक खात्याने आपापला आराखडा करावा आणि तो वर्षानुवर्षे सुधारावा, अशी आज्ञा कायद्यात आहे. २०२५ च्या दुरुस्तीने मोठ्या शहरांसाठी वेगळ्या नागरी प्राधिकरणाचीही तरतूद झाली आहे. कारण शहराचे पाणी तुंबण्याची कारणे खेड्याहून निराळी असतात.

कायद्यासोबत एक दलही उभे राहिले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल २००६ मध्ये आठ तुकड्यांनिशी स्थापन झाले. आता त्याच्या तुकड्या सोळा आहेत. एकेका तुकडीत अकराशेहून अधिक जवान असतात. त्यांची पाचवी तुकडी पुणे जिल्ह्यात, तळेगावनजीक सुदुंबरे येथे असते. ह्या दलाची विशेषता अशी, की ते संकटाची वाट पाहात छावणीत बसून राहात नाही. अतिवृष्टीचा इशारा मिळताच नावा, दोर आणि कटाईची यंत्रे घेऊन संभाव्य ठिकाणी आधीच जाऊन राहते. इशारा देणाऱ्या संस्थाही ठरलेल्या आहेत. वादळ-पावसाचा इशारा हवामान विभाग देतो, नदीच्या पुराचा केंद्रीय जल आयोग, दरडींचा भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि त्सुनामीचा हैदराबाद येथील २००७ मध्ये सुरू झालेले केंद्र. भूकंपाचा दिवस आणि घटका मात्र जगात कोणीही आधी सांगू शकत नाही. तेथे घराची बांधणी हाच इशारा आणि हाच उपाय.

आणि पैसा? येथे एक लक्षणीय बदल झाला आहे. पूर्वीचे निधी मुख्यतः मदतीसाठी असत : घर पडले, इतके रुपये, जनावर वाहून गेले, इतके रुपये. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ ह्या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्तिनिधीतील शंभरांपैकी वीस रुपये संकटाचा जोर आधीच कमी करण्याच्या कामासाठी वेगळे काढावेत, अशी व्यवस्था केली. एक-पंचमांश हा वाटा काहींना थोडका वाटेल. परंतु धक्का बसल्यानंतर खर्च करणाऱ्या राज्याने धक्क्याआधी खर्च करण्याचे तत्त्व स्वीकारले, ह्याचे मोल मोठे आहे.

ही सारी व्यवस्था फळते का? फळते. ओडिशाचेच पाहा. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ नावाचे अतितीव्र वादळ तेथे आदळले. मधल्या चौदा वर्षांत वादळनिवारे बांधले गेले होते, गावोगावी स्वयंसेवक शिकवून तयार झाले होते. वादळ येण्याआधी जवळजवळ दहा लाख माणसे सुरक्षित जागी हलविली गेली. ज्या राज्याने १९९९ मध्ये दहा हजार माणसे गमावली, तेथे ह्या खेपेस वादळ व त्यामागून आलेला पूर मिळून पन्नासांच्या आत मृत्यू झाले. समुद्र तोच आणि किनाराही तोच. बदलली होती ती माणसांची तयारी.

परंतु ही व्यवस्था शेवटच्या वाडीपर्यंत, शेवटच्या घरापर्यंत पोहोचते काय, हा प्रश्न उरतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. ही वार्ता बाहेरच्या जगाला प्रथम कळली ती त्या मार्गाच्या एस. टी. चालकामुळे, नेहमीच्या जागी गाव दिसेना, तेव्हा त्याने ते जाऊन सांगितले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी नावच उलटली आणि वाचावयास निघालेल्यांचे प्राण गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड आली. वाडीला रस्ता नव्हता. अवजड यंत्रे वर नेता येईनात. बचाव दलाच्या जवानांना डोंगर चढून हातांनी माती उपसावी लागली. दिल्लीत प्राधिकरण आहे, मुंबईत नियंत्रण कक्ष आहे, सुदुंबऱ्यास तुकडी आहे. तरीही पहिल्या दोन-चार घटकांत ढिगाऱ्याजवळ जो असतो तो शेजारीच असतो. जपानसारख्या सुसज्ज देशातही १९९५ च्या कोबे येथील भूकंपात ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसांपैकी बहुसंख्यांना घरच्यांनी व शेजाऱ्यांनीच काढले. म्हणून शेजारी तयार असणे हा राष्ट्रीय व्यवस्थेचा चौथा मजला होय. किंबहुना तो तिचा पाया होय. हे ओळखूनच केंद्राने २०१६ पासून ‘आपदा मित्र’ ही योजना चालविली आणि पुढे देशातील ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक शिकवून तयार करण्याचे ठरविले.

आता आपल्या घरचा विचार. ज्ञातिसंस्था आणि संकटनिवारण ह्यांचा संबंध जुना आहे. १८९६ पासूनच्या प्लेगात मुंबईत निरनिराळ्या ज्ञातींनी आपापली रुग्णालये काढली होती. सरकारी रुग्णालयाची लोकांना धास्ती वाटे. तेथे आपली माणसे, आपले अन्न, आपला आचार राहील, ह्या भावनेने ती निघाली. त्यांनी अनेकांचे प्राण वाचविले, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपले चिरंजीव डॉ. यशवंत ह्यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. रोगी कोणत्या जातीचा हे त्यांनी विचारले नाही. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः दवाखान्यात आणले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. हे दोन्ही आदर्श आपल्यापुढे आहेत. ‘आपल्यांना वाचवा’ हा एक. ‘समोर आहे तो आपला’ हा दुसरा.

आपण कोणता स्वीकारावा, हे कायद्याने सांगितले आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या ६१ व्या कलमाप्रमाणे नुकसानभरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म ह्यांवरून भेद करता येत नाही. असे कलम लिहावे लागते, ह्यातच पुष्कळ काही आले. कच्छच्या भूकंपानंतर आणि २००४ च्या त्सुनामीनंतर मदतछावण्यांतून व पाण्याच्या टाक्यांपाशी दलित बांधवांना वेगळे काढल्याच्या नोंदी अभ्यासकांनी केल्या आहेत. भिंती पडल्या, पण मनातली कुंपणे उभीच राहिली. एखाद्या ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे बोलणे काहींना रुचणार नाही, ह्याची मला जाणीव आहे. परंतु हे बोलावयाचे ते येथेच. इतरत्र बोलणे सोपे आणि म्हणून निरुपयोगी.

ह्यासाठी माझ्या चार सूचना आहेत. पहिली : आपल्या साहाय्यनिधीतील एक-पंचमांश रक्कम पूर्वतयारीसाठी राखून ठेवावी. जो वाटा राज्यांनी काढला, तो आपणही काढावा. प्रथमोपचाराचे शिक्षण, दोर, विजेऱ्या, आणि सभासदांच्या जुन्या घरांची जाणत्या अभियंत्याकडून तपासणी, एवढे त्यातून सहज होईल. दुसरी : आपली परिचयपुस्तिका. वधूवरांची सूची आपण किती काळजीने करतो! उंची, शिक्षण, गोत्र, काही सुटत नाही. त्याच काळजीने चिटणिसांपाशी आणखी एक वही असावी : कोणते वृद्ध एकटे राहतात, कोण अंथरुणास खिळून आहे, कोणाला रोजची औषधे लागतात, आणि आपल्यात डॉक्टर, परिचारिका, अभियंता, विजेचे काम जाणणारे, पोहणारे कोण आहेत. ही वही छापू नये; तिची प्रत्येक वस्तीत एका जबाबदार व्यक्तीला माहिती असावी.

तिसरी सूचना सभागृहाविषयी. वर्षातील थोडेच दिवस ते लग्नकार्यांनी गजबजते. बाकीचे दिवस रिकामे असते. संकटकाळी निवारा म्हणून त्याचे नाव आपण होऊन जिल्हा प्रशासनाकडे नोंदवावे आणि त्या दिवशी दारात उभा राहील त्याला नाव, आडनाव न विचारता आत घ्यावे. चौथी : आपल्या तरुण-तरुणींपैकी काहींनी दरवर्षी ‘आपदा मित्र’सारखे शिक्षण घ्यावे. त्यांचाही सत्कार गुणवंत विद्यार्थ्यांच्याच पंक्तीला बसवून व्हावा.

भगिनींना एक विनंती. घराची कागदपत्रे, औषधांची चिठ्ठी, थोडी रोकड आणि विजेरी एका जलरोधक पिशवीत ठेवावी व ती कोठे आहे हे घरातील मुलांनाही ठाऊक असावे. ११२ हा तातडीच्या साहाय्याचा आणि १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. आणि भ्रमणध्वनीवर आलेला भयंकर निरोप खातरजमा केल्यावाचून कोणी पुढे धाडू नये. घबराट पसरविणाऱ्या खोट्या इशाऱ्यास ह्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे.

सभ्य स्त्री-पुरुषहो, राज्य आपल्या परीने शिकले. प्रत्येक धड्याची किंमत हजारो माणसांनी आपल्या प्राणांनी मोजली. तो धडा पुन्हा त्याच किमतीला विकत घ्यावयाचा की आधीच अभ्यासावयाचा, एवढेच ठरविणे आपल्या हाती आहे. आजच्या सर्वसाधारण सभेत ह्या सूचनांवर चर्चा व्हावी आणि निदान पहिल्या व तिसऱ्या सूचनेचा ठराव संमत व्हावा, अशी माझी कार्यकारी मंडळास आग्रहाची विनंती आहे. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.